सही झाली, शिक्का झाला, बजावणी राहिली

बेलिफ म्हणून लागलो आणि बेलिफ म्हणूनच रिटायर झालो. 33 वर्षं. किती समन्स, किती नोटिसा, किती जप्ती वॉरंटं हातून गेली याचा हिशेब नाही, पण कागदाच्या पाठीवर लिहायचे शेरे अजून झोपेत आठवतात. 'समक्ष बजावले.' 'घेण्यास नकार.' 'घर बंद, दारास चिकटवले.' 'गावी मिळून आला नाही.' या चार ओळी म्हणजे माझं आजवरचं सगळं लेखन. हा ब्लॉग त्यानंतरचा.

सध्या मुलीकडे आलोय, अमेरिकेत. गाव अलेक्झांड्रिया, व्हर्जिनिया राज्यात. पोटोमॅक नदीच्या अल्याड आम्ही, पल्याड वॉशिंग्टन. जावई संध्याकाळी बातम्या लावतात आणि बातम्या ऐकता ऐकता चिडतात. परवा विषय निघाला सुप्रीम कोर्टाच्या नेमणुकांचा. म्हणाले, "बाबा, 2016 च्या फेब्रुवारीत जस्टिस स्कालिया वारले. ओबामांनी मार्चमध्ये गार्लंड यांचं नाव पाठवलं. सिनेटने सुनावणीसुद्धा घेतली नाही. का, तर निवडणुकीचं वर्ष. आणि 2020 ला सप्टेंबरात गिन्सबर्ग गेल्या, तर 26 ऑक्टोबरला बॅरेट यांची नेमणूक पक्की. मतदानाला आठ दिवस! तेव्हा निवडणुकीचं वर्ष नव्हतं होय?"

मी विचारलं, "हे असं कधीपासून चाललंय तुमच्याकडे?"

"पहिल्यांदा सत्ता बदलली तेव्हापासून," म्हणाले, आणि दुसऱ्या दिवशी मार्बरी विरुद्ध मॅडिसन खटल्याचे छापील कागद माझ्यापुढे आणून ठेवले. वकिलीचं शिक्षण घेणाऱ्या प्रत्येकाला या खटल्याचं नाव पाठ असतं म्हणे. घटनेशी विसंगत कायदा कोर्ट रद्द करू शकतं, हे अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने यात ठासून सांगितलं. आमच्या वकीलसाहेबांच्या तोंडीही मी ते नाव ऐकलं होतं. पण मला त्या कागदात घटना काही दिसली नाही. मला दिसली एक फसलेली बजावणी. आणि चार दिवस मी त्या कागदांतून मान वर काढली नाही. ही दोनदा म्हणाली, "जेवायला येताय का तिथंच आणून देऊ?"

गोष्ट 1800 सालच्या निवडणुकीची. अध्यक्ष होते जॉन अ‍ॅडम्स, फेडरलिस्ट पक्षाचे. समोर थॉमस जेफरसन, रिपब्लिकन (आजच्या रिपब्लिकनांशी याचा संबंध जोडू नका, मीही आधी जोडला होता). तेव्हाची पद्धत अशी, की प्रत्येक इलेक्टरने (म्हणजे अध्यक्ष निवडायला राज्याने नेमलेल्या प्रतिनिधीने) दोन नावांना मत द्यायचं. अध्यक्ष कोण, उपाध्यक्ष कोण, हे मतपत्रिकेवर लिहायचं नाही. जास्त मतांचा अध्यक्ष, दुसरा उपाध्यक्ष. जेफरसनच्या माणसांनी पॅनेलला इतकं शिस्तीत मतदान केलं, की जेफरसन 73 आणि त्यांचेच जोडीदार आरन बर तेही 73. अ‍ॅडम्स 65 वर पडले. कुणीतरी एकाने बरचं एक मत मुद्दाम गाळायला हवं होतं, ते गाळायचं राहून गेलं.

मग बरोबरी फोडायला निकाल प्रतिनिधिगृहाकडे, म्हणजे तिथल्या संसदेच्या खालच्या सभागृहाकडे. 16 राज्यं, प्रत्येकाला एक मत, जिंकायला 9 हवीत. 11 फेब्रुवारी 1801 ला मतदान सुरू झालं आणि जेफरसन 8 वर अडकले. एकदा, दोनदा, दहादा, तीसदा. गंमत अशी की निवडणूक हरलेला फेडरलिस्ट पक्षच आता ठरवणार, की जिंकलेल्या दोघांतला अध्यक्ष कोण. मेरीलँडचे निकल्सन नावाचे सदस्य आजारी होते, त्यांना बर्फातून खाटेवर घालून सभागृहात आणलं, कारण ते नसते तर मेरीलँड हातचं गेलं असतं. बर स्वतः 'मी माघार घेतो' एवढंही म्हणाले नाहीत. आमच्याकडे अशा वेळी निवडून आलेले सदस्य देवदर्शनाला निघतात, इथे बिचारे एकाच इमारतीत आठवडाभर कोंडून बसले. शेवटी 17 तारखेला, छत्तिसाव्या फेरीत, डेलावेअरचे बेयर्ड आणि आणखी काही फेडरलिस्ट बाजूला झाले आणि जेफरसन निवडून आले.

आता तारीख बघा. मतदान सुरू झालं 11 ला. 13 ला, म्हणजे अध्यक्ष कोण हे ठरायच्या आधी, मावळत्या अ‍ॅडम्सनी न्यायालयांच्या नव्या कायद्यावर सही केली. 16 नवे न्यायाधीश, तहहयात. शिवाय सुप्रीम कोर्टात सहा न्यायाधीश होते, तिथे पुढची जागा रिकामी झाली की ती भरायचीच नाही, पाचच ठेवायचे. म्हणजे जेफरसनच्या वाट्याला एक खुर्चीसुद्धा येऊ नये! आचारसंहिता लागायच्या आदल्या दिवशी मंत्रालयात जीआरची जी लगबग उडते ती ज्यांनी पाहिली आहे, त्यांना यात काही शिकवायला नको. जेफरसननी वर्षअखेरीस एका पत्रात लिहिलंच, की हे लोक आता न्यायखात्याचा किल्ला करून आत जाऊन बसलेत.

सरन्यायाधीशाची जागाही तेव्हाच रिकामी झाली होती. अ‍ॅडम्सनी ती आधी जॉन जे यांना देऊ केली, ते नको म्हणाले. मग दिली आपल्याच परराष्ट्रमंत्र्याला. जॉन मार्शल. 4 फेब्रुवारीला त्यांनी सरन्यायाधीशपदाची शपथ घेतली आणि मंत्रिपदही तसंच चालू ठेवलं. दोन्ही टोप्या एका डोक्यावर. हे नाव लक्षात ठेवा.

27 फेब्रुवारीला आणखी एक कायदा झाला, वॉशिंग्टन आणि अलेक्झांड्रिया या दोन भागांसाठी जस्टिस ऑफ द पीस नेमण्याचा. (अलेक्झांड्रिया तेव्हा राजधानीच्या हद्दीत होतं. 1847 ला ते परत व्हर्जिनियाकडे गेलं.) मुंबईत पूर्वी प्रतिष्ठित लोक नावापुढे 'जे. पी.' लावायचे, त्यातलाच प्रकार, फक्त इथे खरं काम असायचं. 20 डॉलरपर्यंतचे दावे, पाच वर्षांची मुदत. म्हणजे आमच्या कनिष्ठ स्तर कोर्टाच्याही खालचं. अ‍ॅडम्सनी एकदम 42 नावं पाठवली 2 मार्चला. सिनेटची मंजुरी 3 मार्चला. आणि 4 मार्चला दुपारी जेफरसनचा शपथविधी.

3 मार्चला परराष्ट्र खात्याच्या कचेरीत काय चाललं असेल ते मी डोळे मिटून सांगतो. नेमणुकीला इंग्रजीत कमिशन म्हणतात. कमिशन म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे भलतंच येतं, म्हणून मी सनद म्हणतो. कारकुनांनी सनदा लिहायच्या, अध्यक्षांकडे सहीला न्यायच्या, परत आणायच्या, त्यावर मोठा शिक्का उठवायचा. शिक्का उठवणाऱ्या खात्याचे मंत्री मार्शल. शिवाय कचेरीतला मुख्य कारकून वॅग्नर, तो अध्यक्षांनी आपल्याकडे सचिव म्हणून ओढून नेलेला. म्हणजे काम दुप्पट, माणूस एक कमी. सह्या झाल्या. शिक्के झाले. सनदांचा गठ्ठा टेबलावर राहिला. पहाटे चारच्या घोडागाडीने अ‍ॅडम्स गाव सोडून गेले, शपथविधीलासुद्धा थांबले नाहीत.

आणि इथे माझा माणूस येतो. जेम्स मार्शल. जॉन मार्शलचा सख्खा भाऊ, राहणार अलेक्झांड्रिया. त्यालाही जाता जाता न्यायाधीश करून टाकलं होतं, वॉशिंग्टनच्या नव्या कोर्टात. पुढे खटल्यात याचं प्रतिज्ञापत्र दाखल झालं. ते मी चार वेळा वाचलं. जावयांकडून दोन शब्द समजून घेतले, बाकी कोर्टाची भाषा सगळीकडे सारखीच. तो सांगतो: 4 मार्चला मला कुणीतरी सांगितलं, की आज रात्री अलेक्झांड्रियात दंगा व्हायची भीती आहे. म्हणून मी घरी निघालो, आणि जाताना इथल्या जस्टिस लोकांच्या सनदा घ्यायला कचेरीत गेलो. मला वाटतं बारा सनदा मिळाल्या. पावती लिहून दिली. पण सगळ्या नेणं सोयीचं होईना, म्हणून त्यातल्या काही परत केल्या आणि पावतीवरच्या त्या नावांवर पेनाने काट मारली. परत केलेल्यांत कर्नल हू आणि विल्यम हार्पर यांच्या सनदा होत्या असं आठवतं.

सगळ्या नेणं सोयीचं होईना! बारा कागद! अहो, मी एका खेपेला सत्तर सत्तर नोटिसा पिशवीत घालून एसटीने फिरलोय. पण हसता हसता थांबलो. कारण ती पावतीवरची काट मला ओळखीची वाटली.

एका तालुक्याच्या कोर्टात असतानाची गोष्ट. ग्रामपंचायत निवडणूक झाली, दोन मतांनी पडलेल्या उमेदवाराने ग्रामपंचायत कायद्याच्या कलम 15 खाली निवडणुकीविरुद्ध अर्ज केला. सात जणांना नोटिसा. मी सकाळच्या एसटीने गेलो. पाच जणांना पॅनेलने सरपंचाची निवड होईपर्यंत देवदर्शनाला पाठवलेलं. शेजारी हसून सांगत होते, "अक्कलकोट, तुळजापूर, मग बघू." त्यांच्या दारांना खळ लावून नोटिसा चिकटवल्या. सहावी बाई होती, तिने दारातूनच 'मालक आल्यावर या' म्हणून सांगितलं. तिला समजावून अंगठा घेतला. सातवा राहायचा वस्तीवर, ओढा ओलांडून तीन किलोमीटर. पावणेसहाची शेवटची एसटी. वाजले होते पाच.

मी पारावर बसून त्याच्या नोटिशीच्या पाठीवर लिहिलं, 'वस्तीवर समक्ष जाऊन पाहिले, घर बंद, मिळून आला नाही'. चहाच्या टपरीवरच्या दोघांनी पंच म्हणून सह्या ठोकल्या. त्यांनी काय लिहिलंय ते वाचलंही नाही.

तारखेला तो गैरहजर. एकतर्फी हुकूम झाला. महिन्याभराने तो कोर्टात आला, टोपी हातात घेऊन माझ्या टेबलाशी उभा राहिला. आवाज चढवला नाही. म्हणाला, "भाऊसाहेब, त्या दिवशी मी वस्तीवरच होतो. म्हैस व्यायली होती, कुठं जाणार?" पुढे त्याने वकील लावून हुकूम फिरवून घेतला. खर्च त्याचा. मला कुणी काही विचारलं नाही, आणि मीही कुणाला सांगितलं नाही. आज इथे लिहितोय.

असो. तर जेफरसन सत्तेवर आले आणि कचेरीच्या टेबलावर त्यांना त्या उरलेल्या सनदा मिळाल्या. म्हणाले, वाटू नका. नवे परराष्ट्रमंत्री जेम्स मॅडिसन तेव्हा वॉशिंग्टनमध्ये नव्हतेच, वडील वारल्यामुळे ते मे महिन्यात रुजू झाले. खटला मात्र त्यांच्या नावावर चढला. खुर्चीवर बसतो त्याच्यावर दावा, हे मला अगदी पटतं. जेफरसननी जागा 42 वरून 30 केल्या, आणि त्यातही अ‍ॅडम्सची बरीचशी नावं ठेवली. म्हणजे माणूस अगदीच खुनशी नव्हता. पण तीन वर्षांनी अ‍ॅडम्सच्या पत्नीला लिहिलेल्या पत्रात त्यांनी सांगितलंय, की अ‍ॅडम्सच्या सगळ्या कारकिर्दीत मला स्वतःला लागलेली एकच गोष्ट, त्या शेवटच्या नेमणुका.

राहिलेल्यांपैकी चौघे कोर्टात गेले. विल्यम मार्बरी, जॉर्जटाउनचे सावकारी-बँकेतले बडे गृहस्थ. आणि आमच्या अलेक्झांड्रियाचे तिघे: रॅम्से, हू आणि हार्पर. डिसेंबर 1801 मध्ये सनदा मिळाव्यात म्हणून थेट सुप्रीम कोर्टात अर्ज केला, आणि जेफरसनच्या काँग्रेसने (म्हणजे तिथल्या संसदेने) काय करावं? मार्च 1802 मध्ये त्या 16 न्यायाधीशांचा कायदाच रद्द केला, तहहयात न्यायाधीश घरी! आणि वरून सुप्रीम कोर्टाच्या बैठकीच्या तारखा अशा फिरवल्या, की कोर्ट फेब्रुवारी 1803 पर्यंत बसूच शकलं नाही. 14 महिने सुट्टी. आमच्या कोर्टात उन्हाळ्याची सुट्टी लांबली की पक्षकार शिव्या घालायचे.

1803 च्या सुनावणीचा मजकूर वाचताना मला हसू आवरेना. सनदा होत्या का, हेच सिद्ध करता करता नाकी नऊ. कचेरीतले कारकून साक्षीला आले ते काचकूच करतच. जेफरसनचे अ‍ॅटर्नी जनरल लिंकन (ते लिंकन नव्हेत) यांनी प्रश्नांवर विचार करायला मुदत मागितली. मुदत! सगळं जग एकच. आणि समोर सरन्यायाधीश म्हणून कोण बसलेत? जॉन मार्शल. ज्यांच्या खात्याने शिक्का मारला आणि ज्यांच्या टेबलावर गठ्ठा राहिला, तेच. मुख्य साक्षीदार व्हायला हवा तो माणूस निकाल द्यायला बसलाय, आणि साक्ष भावाच्या प्रतिज्ञापत्रावर भागवली जातेय. आमच्या साहेबांचा दूरचा मेहुणा पक्षकार निघाला, तर ते दावा दुसऱ्या कोर्टाकडे वर्ग करायचे.

24 फेब्रुवारी 1803 ला निकाल लागला. एक न्यायाधीश, सॅम्युअल चेस, संधिवाताने हैराण, म्हणून कोर्टच उचलून जवळच्या हॉटेलात नेलं म्हणे. मार्शल म्हणाले, सनदेवर सही आणि शिक्का झाला की नेमणूक पुरी झाली. मार्बरीचा हक्क पक्का. तो नाकारणं बेकायदा. पण हा अर्ज थेट आमच्याकडे करायची सोय 1789 च्या ज्या कायद्याने दिली, तो कायदाच घटनेच्या विरुद्ध जातो, म्हणून आम्हाला हा अर्ज ऐकता येत नाही.

विद्वान या दुसऱ्या भागावर दोनशे वर्षं लिहितायत. जेफरसनला चार शब्द सुनावले, पण पाळायला लागेल असा हुकूमच दिला नाही, त्यामुळे हुकूम धुडकावला जाण्याची नामुष्कीही टळली. वाकबगार माणूस. मला मात्र पहिला भाग डाचतो. सही-शिक्का झाला की पुरे, हातात पडायची गरज नाही! मग मी 33 वर्षं उन्हातान्हात कशाला हिंडलो? जावई म्हणाले, "बाबा, समन्स वेगळं, नेमणूक वेगळी. समन्स पोचलं नाही तर माणसाला कळणार कसं?" ते बरोबर आहे. पण त्यांनीच नंतर आणखी एक पत्र शोधून दाखवलं. 18 मार्च 1801 चं, जॉन मार्शलने भाऊ जेम्सला लिहिलेलं. त्यात हेच आहे: सही-शिक्का झालेल्या सनदा पोचवायची गरज आहे असं मला वाटलं नाही, तरी पाठवल्याच असत्या, पण भयंकर गडबड होती आणि वॅग्नर जागेवर नव्हता.

म्हणजे दोन वर्षांनी देशाचा कायदा म्हणून जे वाचून दाखवलं, ते आधी घरच्या पत्रातलं कारण होतं. मी त्यांना दोष देत नाही. पारावर बसून मीही माझ्यापुरता कायदा केलाच होता, की तीन किलोमीटर म्हणजे गेल्यासारखंच.

मार्बरीला सनद काही मिळाली नाही. गेल्या रविवारी जावयांनी जॉर्जटाउनला नेऊन त्यांचं घर दाखवलं, एम स्ट्रीटवर. विटांची मोठी इमारत, आता तिथे युक्रेनचा दूतावास आहे, निळापिवळा झेंडा. 20 डॉलरचे दावे ऐकायच्या खुर्चीसाठी एवढ्या घरचा माणूस भांडायला गेला, यावर हिचा विश्वास बसेना. "पैशाचं नसतं हो ते," मी म्हटलं, "मानाचं असतं." परतताना अलेक्झांड्रियात किंग स्ट्रीटवर रॅम्से घराण्याचं जुनं घर लागतं. तिथे आता पर्यटकांना नकाशे देतात. मी एक घेतला.

चेस यांच्यावर पुढे जेफरसनच्या पक्षाने महाभियोग आणला, 1805 मध्ये ते सुटले. सिनेटमध्ये त्या खटल्याच्या अध्यक्षस्थानी उपाध्यक्ष आरन बर, तेच 73 मतांचे. तोवर त्यांनी द्वंद्वयुद्धात फेडरलिस्टांचे पुढारी हॅमिल्टन यांना गोळीही घातली होती. ते सगळं परत कधीतरी.

काल दुपारी दाराला एक चिठ्ठी चिकटलेली दिसली. सही घेऊन द्यायचं टपाल होतं, कुरिअरवाल्याने लिहिलं होतं, 'आलो होतो, घरी कोणी नव्हतं.' आम्ही तिघं घरातच होतो. ही थालीपीठं लावत होती, वास रस्त्यावर जात असणार. मुलीच्या दाराला कॅमेरा आहे. तिने फोनवर बघितलं आणि भडकली. "बाबा, हे बघा! बेलसुद्धा वाजवली नाही! आताच्या आता तक्रार करते."

मी फोन हातात घेऊन दोनदा पाहिलं. माणूस पायऱ्या चढून येतो. चिठ्ठी आधीच लिहून हातात तयार. दाराकडे एकदा बघतो, चिकटवतो, वळतो. घामाने शर्ट पाठीला चिकटलेला, आणि पुढची अख्खी गल्ली अजून बाकी.

"राहू दे," मी म्हटलं.

आज सकाळी ती चिठ्ठी घेऊन मी आणि जावई चालत त्यांच्या कचेरीत गेलो. खिडकीवरच्या बाईने ओळखपत्र बघितलं, सही घेतली, तारीख टाकली, आणि तारखेपुढे वेळसुद्धा टाकली.